गोल अडतात पुढे, कारण असते मागे

संपादक महोदय,

गोव्यातल्या फातोर्ड्यात 14 ऑक्टोबर 2025 रोजी सिंगापूरकडून 1-2 हरून भारत फुटबॉलच्या 2027 च्या आशिया चषकाबाहेर पडला. तेव्हापासून सगळा राग आघाडीच्या फळीवर निघतो आहे. 14व्या मिनिटाला छांगटेने गोल केला आणि पुढे एकही झाला नाही, हे खरेच. पण त्या दिवशी बचावपटू झिंगन लाल कार्डामुळे बाहेर होता, याचा उल्लेख ओझरताच होतो. निलंबन असो वा दुखापत, संघाचे नुकसान एकाच तऱ्हेने होते.

जानेवारी 2024 मधील कतारची आशिया चषक स्पर्धा आठवा. ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1. तीन सामने, गोल शून्य. अन्वर अली, जीक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन हे तिघे दुखापतींमुळे संघातच नव्हते, आणि मधल्या फळीतला सहल अब्दुल समद थेट तिसऱ्या सामन्यात, तोही बदली म्हणून उतरला. यात स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, एकही नाही, मग गोल का आटले?

अन्वर हा मागून लांब, अचूक पास देणारा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू. जीक्सन बचाव फळीपुढे उभा राहून चेंडू घेतो आणि वळवतो. हे दोन दुवे तुटले की प्रतिस्पर्धी पुढे चढून दाबतो, गोलरक्षकाला चेंडू उंच मारावा लागतो. तो घ्यायला पुढे एकटा स्ट्रायकर सुनील छेत्री, उंची 1.70 मीटर. समोर ऑस्ट्रेलियाचा बचावपटू सौटर, 1.98 मीटर! चेंडू लगेच परत येतो, विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारे, स्वतःच्याच बचावपटूंच्या मदतीला मागे अडकतात आणि तासाभरात पाय जड होतात. सीरियाविरुद्ध मध्यंतरानंतर लगेच झिंगनही जखमी होऊन बाहेर गेला. 76व्या मिनिटाला गोल बसला.

दुसरे दुखणे जुने आहे. आयएसएल या देशातल्या क्लब-लीगमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू चालत आणि बहुतेक क्लब त्यातली एक जागा हमखास सेंटर-फॉरवर्डला, म्हणजे मधल्या स्ट्रायकरला देत. भारतीय मुलगा विंगवर तरी खेळतो किंवा बाकावर बसतो. 94 गोल करून निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च 2025 मध्ये, वयाच्या चाळिशीत परत बोलवावे लागले, ते यामुळेच.

दुखापती नशिबाच्या असतात, हेही अर्धेच खरे. टक्कर टळत नाही, पण हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) बऱ्याच दुखापती टाळता येतात. फिफाचा '11+' सराव वीस मिनिटांचा आहे: आठ मिनिटे हलके धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या व तोल, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. आठवड्यातून किमान दोनदा, तोही नीट. आपल्याकडे बहुधा मधली दहा मिनिटेच गाळली जातात आणि नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा गुडघ्यांवर उभे राहून धड सावकाश पुढे झुकवण्याचा व्यायाम नेमका त्यातच येतो. नवख्याने तीन ते पाच वेळा केला तरी सुरुवातीला पुरतो. एसीएलच्या (गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर तर नऊ महिन्यांच्या आत आणि दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान 90 टक्के झाल्याशिवाय सामना खेळवू नये. नुसती तारीख बघून उतरवलेला खेळाडू पुन्हा खाटेवर जातो.

एक विनंती. आपल्या क्रीडा पानावर गोलतक्ता येतो, त्याशेजारी प्रत्येक क्लबाच्या भारतीय सेंटर-फॉरवर्डने मोसमात किती मिनिटे खेळली, तेही छापावे.

– एक वाचक, मडगाव