फसलेल्या थेंबांचीही नोंद हवी : केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी इंदूरचा. आमच्या गावात, राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र, आहे आणि त्याची एक बीमलाइन (किरणांची वाट) खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी राखलेली आहे. प्रथिनाच्या रेणूची रचना कळावी म्हणून त्याचा स्फटिक क्ष-किरणांसमोर धरतात, पण त्याआधी तो मिळवावा लागतो. खरा वेळ आणि पैसा तिथे जातो, म्हणून हे पत्र.

कव्हरस्लिपवर, म्हणजे काचेच्या पातळ चकतीवर, एक मायक्रोलिटर प्रथिन, त्यात तेवढंच रसायन. मग ती उलटी करून प्लेटच्या खळग्यावर ग्रीसने बसवायची आणि वाट पाहायची. बहुतेक थेंब कोरेच राहतात, काहींत साका धरतो, क्वचित एखाद्यात स्फटिक दिसतो. त्यावरून कळलेली प्रथिनाची रचना प्रोटीन डेटा बँक या जागतिक संग्रहात जाते. बाकीचे सगळे थेंब विद्यार्थ्याच्या वहीत राहतात आणि त्याची पीएच.डी. झाली की वही कपाटात जाते. मग दुसऱ्या गावची प्रयोगशाळा त्याच प्रथिनावर तीच रसायनं पुन्हा घालून बघते, तीही सरकारी अनुदानातूनच.

ही डेटा बँक १९७१ साली अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत, सर्वांना खुल्या, एकाच साच्यात. त्यांवर शिकूनच प्रथिनांची रचना वर्तवणारं अल्फाफोल्ड हे संगणकीय साधन उभं राहिलं आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामापर्यंत पोहोचलं. स्फटिक बनवण्याची कृती मात्र तिथेही बरीचशी ज्याच्या त्याच्या शब्दांत असते. पीएच लिहिलेला असतो, पण तो बाटलीतल्या बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) की थेंबाचा? टक्केवारी वजनाची की आकारमानाची? तापमानाच्या जागी नुसतं ‘रूम टेम्परेचर’. इंदुरात मे महिन्याचं आणि जानेवारीचं रूम टेम्परेचर एक नसतं हो, त्यात दुपारी वीज गेली तर विचारूच नका!

फसलेल्या थेंबांचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. काही कंपन्या आणि प्रयोगशाळांनी थेंबांची सुमारे पाच लाख छायाचित्रं एकत्र केली, त्यांत कोरे आणि साका धरलेले थेंबही होते. त्यांवर शिकलेला प्रोग्रॅम नव्या छायाचित्रांपैकी सुमारे ९४ टक्के बरोबर ओळखू लागला. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं आहे. नुसते यशस्वी थेंब दाखवून हे शिकवता आलं नसतं.

फरिदाबादला आपलं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. तिथे स्फटिकीकरणाच्या नोंदीसाठी, फसलेल्या थेंबांसकट, एक ठरावीक नमुना करून द्या : प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा पूर्ण क्रम, टॅगसकट (शुद्धीकरणासाठी जोडलेल्या तुकड्यासकट), रसायनांचं प्रमाण एककासह, पीएच कुठे मोजला ते, तापमान आकड्यात, थेंबाचं आकारमान, तारखेनिशी छायाचित्रं. आपल्या आधी दुसराच कुणी शोधनिबंध छापेल, ही संशोधकांची धास्ती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. निबंध येईपर्यंत, किंवा प्रकल्प संपल्यावर दोन वर्षं, नोंद बंद ठेवायची मुभा द्या. मात्र ती भरल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नका. आणि लहान महाविद्यालयांना हे काम करायला एक माणूस लागेल, त्याचा पगार त्याच अनुदानात धरा.

नमुना ठरवायला बसाल तेव्हा रोज हाताने थेंब लावणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बोलवा. वहीत काय लिहायचं राहून जातं, ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आपला नम्र,
इंदूरचा एक प्रथिन-संशोधक