माल दुकानात आला, हे दाखवायचे कसे?

मा. संपादक,

महोदय,

मस्जिद बंदर स्थानकाजवळ नागदेवी गल्लीत आमचे हार्डवेअरचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. आधी मुंबई विक्रीकर कायदा, मग २००५ पासून व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी, असे तिन्ही अंमल आमच्या गल्ल्याने पाहिले. बाजारात मात्र अजूनही ‘सेल्स टॅक्सचे ऑडिट लागले’ असेच म्हणतात. गेल्या वर्षी ते आम्हाला लागले.

जीएसटी कायद्याच्या कलम ६५ नुसार ऑडिटपूर्वी किमान १५ कामकाजाच्या दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मिळाली, पण नोंदणीत ई-मेल आणि मोबाइल दोन्ही आमच्या जुन्या कर सल्लागारांचे राहून गेले होते. ही चूक आमचीच. आम्हाला नोटिशीचा पत्ता लागेपर्यंत त्यातले नऊ दिवस सरले होते. विक्रीची विवरणपत्रे, खातेवह्या आणि बँकेचा उतारा यांचा मेळ उरलेल्या दिवसांत बसवला; संगणकामुळे ते फार जड गेले नाही.

अडले ते खरेदीवर. अधिकाऱ्यांचा प्रश्न साधा होता: बिल आहे, पैसे बँकेतून गेले आहेत, पुरवठादाराच्या विवरणपत्रातही ते दिसते, पण माल दुकानात आला कशावरून? इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची विक्रीवरच्या करातून वजावट, घ्यायचे तर माल प्रत्यक्ष हाती आलेला असावा लागतो आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने व्यापाऱ्यावरच टाकली आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागत नाही, ही सवलत आम्हा लहान दुकानदारांना सोयीची वाटते, पण त्यामुळेच बासष्ट हजारांच्या बिजागऱ्या भिवंडीच्या गोदामातून टेम्पोने आणि शेवटी गल्लीच्या तोंडापासून हातगाडीवरून आल्या, याचा एकही सरकारी कागद उरत नाही. हातगाडीवाला पावती देत नाही. वजनकाट्याची पावती फाइलमध्ये होती, परंतु तिच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे उडून ती कोरी पांढरी झाली होती.

आम्हाला तारले ते आमच्या दिवाणजींच्या आवकेच्या वहीने. तारीख, बिल क्रमांक, गोण्यांची संख्या, टेम्पोचा नंबर आणि माल उतरवून घेणाऱ्याची सही, एवढेच तिच्यात असते. संगणक आल्यावर ही वही बंद करा म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो होतो. दोन बिलांची नोंद मात्र वहीत सापडली नाही आणि तेवढे क्रेडिट आम्हाला व्याजासह परत भरावे लागले.

म्हणून बाजारातल्या बांधवांना सांगावेसे वाटते की, ऑडिटची तयारी गोणी उंबऱ्याआत येते त्या दिवशी करायची असते. वजनकाट्याच्या पावतीची त्याच दिवशी छायाप्रत काढावी, कारण वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने दप्तर जपावे लागते आणि तो कागद तितका टिकत नाही. उधारीकडेही लक्ष हवे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट परत भरावे लागते, आणि आमच्या बाजारातली उधारी दिवाळी ते दिवाळी चालते, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझगावच्या जीएसटी भवनाला एकच विनंती आहे. नोटीस टपालाने पाठवण्याची सोयही कायद्यात आहे. ऑडिटच्या नोटिशीपुरती तरी एक प्रत दुकानाच्या पत्त्यावर टपालाने यावी. गल्लीतला पोस्टमन आम्हाला रोज भेटतो.

आपला,
एक हार्डवेअर व्यापारी,
नागदेवी, मुंबई