वनमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या माळावर झाडं लावू नका

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या माळावर झाडांसाठी चर खणायला जेसीबी आला आणि दुपारपर्यंत ओढ्याच्या काठचं लांडग्याचं बीळ चरीच्या मातीखाली बुजलं. आत पिल्लं होती. मेंढरं वळवताना लांबून मी चार मोजली होती. मादी परत आली की पिल्लं तिच्या जबड्याला चाटायची आणि मग ती पोटातलं मांस त्यांच्यापुढं ओकायची. बुधवारी संध्याकाळी ती त्या ढिगाऱ्यावर उभी होती. नाक मुरमात घालून उकरायची, थांबायची, परत उकरायची.

बीळ तिथं आहे हे वनखात्याच्या माणसांना ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. दिवाळीआधी बैठक झाली, चहा झाला, भजी झाली. ओढ्याच्या अलीकडं एकही खड्डा घेणार नाही, असा शब्द साहेबांनी सगळ्यांसमोर दिला. तो इतिवृत्तात आहे का बघा. नसणारच. आमच्याकडं शब्द भज्यांबरोबर संपतात.

मी धनगर. 140 मेंढरं, एक घोडी, दोन कुत्री. तुम्ही म्हणाल, लांडग्याची पिल्लं मेली तर धनगरानं पेढे वाटावेत, हा पत्र कसलं लिहितोय? तर तेही ऐका. श्रावणात, पावसाच्या रात्री, याच लांडग्यांनी वाघरीतून, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीतून, माझी पाच मेंढरं मारली. भरपाईचा नियम मला पाठ आहे : 48 तासांत कळवायचं, मेलेलं जनावर हलवायचं नाही, बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यांत जे कमी ते मिळणार. मी उजाडायच्या आत कळवलं. माणूस आला तिसऱ्या दिवशी. तोवर कावळे आले, गावची कुत्री आली, वासानं बायकोला जेवण जाईना. धडं दोनच उरली म्हणून पंचनाम्यात मेंढरं दोनच. बाकीची तीन कुठं गेली? "सांगता येत नाही." पाच महिने झाले, दोनाचेही पैसे नाहीत. थोरलीची फी भरायला मी दुधावरची कोकरं विकली. प्रत्येक खेपेला कार्यालयात जायचं म्हणजे एक दिवस मेंढरं पोराच्या भरवशावर आणि त्याची शाळा बुडाली. त्याचा पंचनामा कोण करणार?

आमचा आजा मेंढरू गेलं की म्हणायचा, त्याचा वाटा त्यानं नेला. एवढं मोठं मन माझं नाही, त्या रात्री मी दगड घेऊन पळालो होतो. पण लांडगा राहतो तिथं गवत असतं, हे मला तुमच्या कार्यालयापेक्षा जास्त कळतं. पवन्या, मारवेल, कुसळी. यावरच काळवीट, यावरच चिंकारा, यावरच माझी मेंढरं. माळावर झाडं कमी असतात कारण तो माळ असतो. तिथं चर खणून मुरूम वर काढला आणि गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या की दोन पावसाळ्यांत खालचं गवत जातं. वर रोपं जगवायची म्हणून चराईबंदी. म्हणजे लांडगाही बाहेर, मीही बाहेर, आणि आत एवढ्या हजार झाडांचा फलक. पाचव्या वर्षी झाडंही नसतात, फलक मात्र टिकतो. त्याचं लोखंड चांगलं असावं.

मग लांडगा जातो कुठं? कोंबड्यांच्या शेडामागं, फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर. तिथं गावठी कुत्री. त्यांच्याकडून डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा रोग, घ्यायचा आणि त्यांच्याशीच संसार मांडायचा. पुण्याजवळच्या माळावर कुत्र्या-लांडग्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत निघालंच आहे.

देशात वाघ 3,682, ही तुमचीच 2022 ची मोजणी. लांडगे तीन हजारांच्या आसपास, कुणी थोडे कमी सांगतं, कुणी जास्त. आकडा चुकला असेल तर दुरुस्त करा, संगणक तुमच्याकडं आहेत. पण वाघाइतकाच, कदाचित वाघाहून कमी उरलेला हा प्राणी. वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत, सगळ्यात जास्त संरक्षणाच्या पहिल्या. वाघासाठी राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प. लांडग्यासाठी जेसीबी. 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानानं आणले, स्वागताला पंतप्रधान. आमचा लांडगा पायी आला, हीच त्याची चूक.

माळढोक पक्ष्याचं काय केलंत ते आम्ही पाहिलंय. 1979 साली सोलापूर-नगरकडं अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, गावंच्या गावं आत, लोकांना घर बांधायची पंचाईत. मग कापून 1,222 वर आणलं. एवढ्या मोजामोजीत पक्षीच राहिला नाही. आता त्याच अभयारण्यातल्या नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

इंदापूर-बारामतीकडं तुम्ही गवताळ सफारी सुरू केलीत, चांगलं केलंत, खरंच. शहरातली माणसं पैसे मोजून, गाडीत बसून तोच लांडगा बघतात जो मी फुकट बघतो आणि वर मेंढरू देतो. मग एका तालुक्यात जे बघायला तिकीट, त्याच्यावर दुसऱ्या तालुक्यात माती का?

याचं मूळ तुमच्या एकट्याच्या खात्यात नाही, हेही मला कळतं. इंग्रजांनी ज्यातून सारा निघत नाही ती जमीन पडीक ठरवली आणि स्वराज्यातल्या साहेबांनी तो शिक्का तसाच घासूनपुसून ठेवला. सातबाऱ्यावर पोटखराबा, नकाशावर पडीक. पडीक दिसलं की कुणाला झाडं आठवतात, कुणाला सौरऊर्जा, कुणाला एमआयडीसी. लांडग्याला मत नाही. मला आहे, पण मतदानाच्या दिवशी मी बहुतेक मेंढरांमागं घाटाखाली असतो.

मागणं थोडकंच आहे. ओढ्याच्या पलीकडचे चर थांबवा, त्यांचं आखणीचं चुनखडं अजून पुसलेलं नाही. दुसरं बीळ तिकडंच आहे. ते नेमकं कुठं, हे मी आता कुणाला सांगणार नाही.

आपला,
माळावरचा एक मेंढपाळ

ता. क. : पंचनाम्यात दोन लिहिलीत. पाच होती.