न्यूट्रॉनची जोडी ‘एकदम’ गेली, असे गणित म्हणत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅल्शियम-40 आणि झिर्कोनियम-96 या अणुकेंद्रकांच्या टकरीत न्यूट्रॉन झिर्कोनियमकडून कॅल्शियमकडे कसे जातात, यावरचा लेख कालच्या विज्ञान पुरवणीत वाचला. एवढ्या अवघड विषयाला जागा दिलीत, याबद्दल आभार. पण ‘दोन न्यूट्रॉन एकदम पलीकडे उडी मारतात, हे गणिताने सिद्ध झाले’ हे विधान चुकीचे आहे आणि तुम्ही ते थेट मथळ्यात घेतले आहे.

लेखाचा सगळा डोलारा 3 या आकड्यावर उभा आहे. एक न्यूट्रॉन जाण्याची शक्यता 0.1 असेल, तर परस्परांशी संबंध नसलेले दोन जाण्याची शक्यता 0.01 धरतात. इटलीतल्या लेन्यारो येथे प्रिस्मा स्पेक्ट्रोमीटरवर (टकरीतून निघालेली केंद्रके ओळखणारे उपकरण) दोघे जाण्याची मोजलेली शक्यता अशा गुणाकाराच्या साधारण तिप्पट भरली. यातून दोन न्यूट्रॉनांमध्ये सहसंबंध असल्याचे दिसते. ते एकाच क्षणी गेले की एकापाठोपाठ एक, हे त्या 3 मधून कळत नाही.

अशा टकरींसाठी वापरतात त्या दुसऱ्या क्रमाच्या डीडब्ल्यूबीए (डिस्टॉर्टेड वेव्ह बॉर्न अ‍ॅप्रॉक्सिमेशन) या अंदाजी गणितात तीन पदे येतात: दोघे एकदम जाणे, क्रमाने जाणे, आणि दोन केंद्रकांची तरंगफलने परस्परांना लंब नसल्यामुळे करावी लागणारी दुरुस्ती. पहिले आणि तिसरे पद बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. मुख्यतः उरते ते क्रमाने जाणे, म्हणजे इथे कॅल्शियम-41 आणि झिर्कोनियम-95 या मधल्या टप्प्यातून. तरीही जोडी तुटत नाही, कारण सहसंबंधाचा पल्ला केंद्रकाच्या व्यासाहून मोठा असतो. एक न्यूट्रॉन अलीकडे आणि एक पलीकडे असतानाही ती जोडीच राहते. या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे आणि लेखात नेमकी तीच नाही.

क्यू-मूल्याचाही, म्हणजे अभिक्रियेत मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचाही, उल्लेख नाही. या टकरीत एका न्यूट्रॉनसाठी ते +0.51 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आहे, तर दोघांसाठी +5.53. न्यूट्रॉन जाताना विद्युतभार बदलत नाही, त्यामुळे शून्याजवळचे क्यू-मूल्य सोयीचे पडते. म्हणून दोन न्यूट्रॉन मिळून तयार झालेले कॅल्शियम-42 मूळ (सर्वांत कमी ऊर्जेच्या) अवस्थेत फारसे न जाता 6 एमईव्हीच्या आसपासच्या, 0+ म्हणजे शून्य फिरकीच्या, उत्तेजित अवस्थेकडे झुकते; जास्तीची ऊर्जा तिथे खर्ची पडते. नुसती मूळ अवस्था घेऊन गणित केले, तर उत्तर मोजमापापेक्षा फार कमी येणारच. ती तूट भरून काढायला स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर (गणिताचे उत्तर ज्याने गुणतात तो केंद्रकाच्या रचनेचा आकडा) हवा तसा वाढवला, की आलेख जुळतो आणि भौतिकी हरवते.

‘संगणकाने उत्तर दिले’ असेही लिहिले आहे. संगणकाला आधी टकरीपूर्वीच्या आणि टकरीनंतरच्या जोड्यांचे ऑप्टिकल पोटेन्शियल (दोन केंद्रकांमधल्या बलाचे सूत्र; त्याचा काल्पनिक भाग शोषण दाखवतो) द्यावे लागते आणि न्यूट्रॉनला धरून ठेवणाऱ्या वुड्स-सॅक्सन विहिरीची त्रिज्या व विरळता (तिची कड किती पसरट आहे ते) ठरवावी लागते. विरळता 0.65 ऐवजी 0.70 फेम्टोमीटर (10⁻¹⁵ मीटर) घेतली तरी तरंगफलनाची शेपटी लांबते आणि क्रॉस सेक्शन, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप, वाढतो. ज्या अवस्था गणितात स्वतंत्रपणे जोडल्या आहेत, त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रवाहाचे शोषण पोटेन्शियलच्या काल्पनिक भागातही राहिले, तर तोच परिणाम दोनदा मोजला जातो. हे सगळे माणसाने ठरवायचे असते.

आणि लेखातल्या आलेखाबद्दल, ज्यात केंद्रकांमधल्या अंतराबरोबर शक्यता कशी घटते ते दाखवले आहे. उभ्या अक्षावर एकही आकडा छापलेला नाही. तो अक्ष लॉगरिदमिक (प्रत्येक टप्प्याला दहापट) असतो, म्हणून तर रेषा सरळ दिसते. न्यूट्रॉनची बंधनऊर्जा (तो केंद्रकातून सोडवायला लागणारी ऊर्जा) 8 एमईव्ही धरली, तर अंतर 1 फेम्टोमीटरने वाढताच एका न्यूट्रॉनची शक्यता साडेतीन पटींनी घटते, दोघांची सुमारे बारा पटींनी. आकड्यांविना हे कोणाला कळणार?

मथळ्याची दुरुस्ती आणि अक्षांसह आलेख पुढच्या पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक