कल्चर कसले ओतता, आधी गाळ काढा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या बंद एसटीपींवरची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या बंद प्लँटवरची, कालची बातमी वाचली. बातमीबद्दल तक्रार नाही. महापालिकेने नोटिसा काढायच्या आणि आपण त्या छापायच्या, हा नेम ठरलेलाच आहे. तक्रार आहे ती खालच्या चौकटीबद्दल. ‘रहिवाशांनी काय करावे?’ या मथळ्याखाली आपण सल्ला दिलात की, दर महिन्याला टाकीत जिवाणूंचे कल्चर टाकावे. हा सल्ला कुठल्या तज्ज्ञाने दिला, ते चौकटीत नाही. कल्चर विकणाऱ्याने दिला असावा, असा अंदाज बांधायला मात्र फारसे ज्ञान लागत नाही.

साधा हिशेब मांडतो. दोनशे सदनिकांच्या सोसायटीतून दिवसाला साधारण १ लाख लिटर सांडपाणी येते. तिची एअरेशन टाकी, म्हणजे जिवाणूंना हवा फुंकून दिली जाते ती, ८० घनमीटरची धरू. नीट चाललेल्या टाकीत लिटरमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास गाळ खेळता असतो. म्हणजे कोरड्या वजनाने सुमारे २८० किलो गाळ आधीच टाकीत आहे, आणि पाणी शुद्ध करणारे जिवाणू त्याच गाळात राहतात. त्यात आपण दोन किलोची पुडी ओतायची, आणि त्या पुडीतही कित्येकदा कोंडाच फार. शिवाय जिवाणू तर प्रत्येक फ्लशबरोबर फुकट येत असतात. त्यातले कुठले टिकणार, हे हवा किती मिळते आणि गाळ किती दिवस टाकीत ठेवला जातो यावर ठरते. नवा प्लँट सुरू करताना चालू प्लँटमधला गाळ टँकरने आणून टाकतात, ते योग्यच आहे. पण ते विरजण झाले. दही नासले म्हणून त्याच भांड्यात दर महिन्याला नवे विरजण कोणी घालत नाही.

आता खरा मुद्दा, जो चौकटीत औषधालाही नाही. या सोसायटीच्या सांडपाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचे माप) लिटरला २५० मिलिग्रॅम धरला, तर दिवसाला २५ किलो बीओडी टाकीत येतो आणि त्यातून रोज १०-१२ किलो नवा गाळ तयार होतो, तोही कोरड्या वजनाने. सेटलिंग टाकीच्या, म्हणजे गाळ खाली बसतो त्या टाकीच्या, तळाशी तो एक टक्का घट्ट असतो, बाकी पाणी; म्हणजे रोज हजार-बाराशे लिटर गाळ बाहेर काढायला हवा. फिल्टर प्रेसमधून दाबून निघाला की त्याची रोज पन्नासेक किलो ओली ढेप होते. आठवड्याला चाळीस किलोची नऊ-दहा पोती. तेव्हा सोसायटीच्या सचिवांनी प्रयोगशाळेचे अहवाल चाळण्याआधी एकच विचारावे: गेल्या आठवड्यात किती पोती गेली? ‘आमच्या प्लँटला गाळ होतच नाही’ असे उत्तर अभिमानाने दिले जाते. गाळ होतोच. पोत्यातून गेला नसेल तर तो पाण्याबरोबर गेला: आधी वाळूच्या फिल्टरमध्ये, मग फ्लशच्या टाकीत, नाहीतर मागच्या नाल्यातून मुठा नदीत. पंचवीस दिवस गाळ काढला नाही की टाकीतला गाळ दुपटीवर जातो आणि सेटलिंग टाकीला तो आवरत नाही.

शहराच्या पश्चिमेकडील एका सोसायटीत, नाव सांगत नाही, नेमके हेच झाले. वीजबिल वाचवायला हवा फुंकणाऱ्या ब्लोअरला टायमर लावला, रात्री अकरा ते पहाटे पाच बंद. गाळ परत एअरेशन टाकीत आणणारी एअर लिफ्ट त्याच ब्लोअरच्या हवेवर चालते, हे टायमर लावणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. कच्चे पाणी आत ढकलणारा फीड पंप मात्र फ्लोटवर, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप चालणारा, तो रात्रभर चालू. म्हणजे कच्चे पाणी आत येत राही, हवा नाही, आणि गाळ सहा तास तळाशी कुजत पडे. सकाळी काळी ढेकळे वर तरंगत, सडक्या अंड्यांचा वास. वाळूचा फिल्टर चोंदून त्यावरच्या दाबाच्या दोन गेजमधला फरक ०.८ किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) वर गेला, तेव्हा बॅकवॉश देण्याऐवजी, म्हणजे उलटे पाणी सोडून तो धुण्याऐवजी, ऑपरेटरने बायपास उघडला आणि पाणी फिल्टर चुकवून पुढे सोडले. वास मारायला हायपो, म्हणजे क्लोरीनचे द्रावण, दुप्पट केला. पण पाण्यात सल्फाइड असेल तर क्लोरीन आधी त्यावरच खर्च होतो, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. त्यात हायपोचा कॅन भर उन्हात, त्यामुळे त्याचा दमही निम्मा गेलेला. या सगळ्यावर देखभाल ठेकेदाराचा उपाय काय? कल्चर. एकदा नव्हे, तीनदा. बिल प्रत्येक वेळी वेगळे.

शेवटी दुरुस्ती झाली ती अशी: ब्लोअर रात्री एका वेळी तासाभराहून जास्त बंद ठेवायचा नाही, तो बंद असताना फीड पंपही बंद, गाळ परतीसाठी वेगळा छोटा पंप, आणि रोज दोन हजार लिटर गाळ बाहेर. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात बसलेल्या गाळाचे वाचन (ते कसे घ्यायचे ते खाली दिले आहे) महिन्याभरात ८५० मिलिलिटरवरून ३५० वर आले. कल्चर शून्य. संताप याचा की काही महिन्यांनी कुंपणापलीकडच्या सोसायटीत, त्याच ठेकेदाराकडे, तोच टायमर आणि तेच काळे पाणी. आणि उपाय पुन्हा पहिल्यापासून कल्चर! एका भिंतीपलीकडे माहिती जात नाही, वास मात्र जातो.

आमच्या व्यवसायाची हीच रीत आहे. हॉटेलातल्या परिषदेत प्रत्येक जण चकचकीत पाण्याच्या बाटलीचा फोटो दाखवतो, बिघडलेल्या प्लँटबद्दल कोणी तोंड उघडत नाही. सल्लागाराला वाटते की सांगितले तर फी गेली, ठेकेदाराला वाटते की एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे कंत्राट, गेली. सीपीएचईईओ या केंद्राच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारणविषयक तांत्रिक संस्थेने २०१३ मध्ये मलनिस्सारणाची तीन भागांची मार्गदर्शिका काढली, तिचा दुसरा भाग पूर्णपणे देखभालीवर आहे. पण तो इंग्रजीत. प्लँटरूममध्ये बारा तास बसणाऱ्या पोराच्या हातात काय असते? पंपाचा कॅटलॉग आणि सही करायची वही. त्या वहीत महिन्याचे सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले असतात, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. जायकाच्या (जपानी कर्जातून होणाऱ्या) ११ शुद्धीकरण केंद्रांवर आणि त्यांच्या दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरच्या क्षमतेवर आपण पानेच्या पाने लिहिता. जरूर लिहा. पण या पोराला लागणारी माहिती एका कागदावर मावते. ती पुढीलप्रमाणे, हवी तर छापा.

एक लिटरचे पारदर्शक मेजरिंग सिलिंडर घ्यावे. ब्लोअर चालू असताना एअरेशन टाकीच्या शेवटच्या टोकाकडून ते भरावे आणि ऊन व कंप नसलेल्या जागी अर्धा तास हात न लावता ठेवावे. गाळ २५० ते ३५० मिलिलिटरवर बसला आणि वरचे पाणी नितळ असेल तर काही करू नये, विशेषतः कल्चर टाकू नये. पाच मिनिटांतच गाळ धपकन खाली गेला आणि वर बारीक कण तरंगत राहिले, तर गाळ म्हातारा झाला आहे, थोडा जास्त काढावा. अर्ध्या तासाने ८०० दिसले तर लगेच निष्कर्ष काढू नये. तोच नमुना सेटलिंग टाकीवरून सांडणाऱ्या नितळ पाण्यात निम्मा करून पुन्हा ठेवावा. आता गाळ ३०० च्या आसपास बसला तर तो फक्त जास्त झाला होता, काढायला लागा. पण तरीही ६००-७०० वरच अडला, तर गाळाला बसू न देणारे तंतुमय जिवाणू माजले आहेत. मग हवा कमी पडते का, टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर चोंदलेत का, एखाद्या स्वयंपाकघराचे तेल सापळा चुकवून येते का, ते पाहावे. वाचन घेतल्यावर सिलिंडर ओतून न देता दोन तास तसाच ठेवावा. बसलेला गाळ गठ्ठ्याने वर आला, तर नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो गाळाला उचलतो आहे. सेटलिंग टाकीत गाळ जास्त वेळ रेंगाळतो, परतीचा पंप वाढवावा.

एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे टाकीत प्लास्टिकच्या चकत्या फिरत असतात असा, प्लँट असलेल्यांनी सिलिंडरमध्ये फारसे काही बसले नाही म्हणून घाबरू नये. तिथे जिवाणू त्या चकत्यांवर असतात. चकत्यांच्या आत पातळ तपकिरी थर हवा आणि सगळ्या चकत्या फिरत राहायला हव्यात. एका कोपऱ्यात गोळा झाल्या तर खालचा डिफ्युझर फाटला, असे समजावे.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत छापा. टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नये. सुरक्षा साधनांशिवाय अशी धोकादायक सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे, आणि कायदा नसता तरी कारण तेच राहिले असते. हायड्रोजन सल्फाइड (सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू) हवेत १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत शंभर भागांच्या, आसपास गेला की नाकाला वास येणेच बंद होते, त्यामुळे ‘आता वास नाही, उतर’ हे वाक्य माणूस मारते. मीटरने आधी शून्य दाखवले तरी तळाचा गाळ ढवळला की कोंडलेला वायू एकदम सुटतो. सक्शन टँकर बोलवा, ढवळणे जे काही असेल ते वरून.

चौकटीची दुरुस्ती पहिल्या पानावर छापा असे म्हणत नाही. आतल्या पानावर, कल्चरच्या जाहिरातीशेजारीही चालेल.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. – त्याच पानावरच्या उसळत्या चेंबरच्या फोटोखाली ‘पावसाने ड्रेनेज तुंबले’ असे लिहिले आहे. पाऊस रस्त्याच्या कडेच्या पावसाळी गटारात जायचा असतो, मैल्याच्या लाइनीत तो आपण नेऊन सोडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला ३० मिलिमीटर पाऊस पडला तर ३० हजार लिटर पाणी होते. वरच्या दोनशे सदनिकांचे सांडपाणी सकाळच्या गर्दीच्या तासालाही १२-१३ हजार लिटरच्या वर जात नाही. गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडणाऱ्या, आणि पार्किंगमध्ये पाणी साचले की त्याच चेंबरचे झाकण उचलणाऱ्या सोसायट्यांना नोटीस गेल्याची बातमी कधी वाचनात आली नाही.