सहीअभावी अडलेली मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संसार मोडल्यावर अमेरिकेत जन्मलेले मूल घेऊन पुण्या-नाशकात माहेरी परतलेल्या आईपुढे पोटगीइतकाच बिकट प्रश्न उभा राहतो तो मुलाच्या कागदपत्रांचा. मूल जन्माने अमेरिकी नागरिक असल्याने त्याला येथे राहायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना येथे राहण्याची मुभा देणारे) लागते. शिवाय १६ वर्षांखालील मुलाचा अमेरिकी पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो आणि नव्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. वडिलांनी सही नाकारली, किंवा फोनच उचलला नाही, की बालवाडीत मराठी बडबडगीते म्हणणारे पोर कागदोपत्री मुदत उलटलेला परदेशी ठरू शकते.

भारतीय नागरिक असलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी दुसरा पालक संमती देत नसेल तर ‘परिशिष्ट सी’मधील स्वयंघोषणापत्रावर अर्ज करता येतो. ओसीआयसाठी मात्र सहसा मुलाच्या ताब्याचा न्यायालयीन आदेश मागितला जातो, आणि कौटुंबिक न्यायालयातल्या तारखांचा अनुभव वाचकांना सांगायला नको.

वडिलांची भीती सर्वस्वी खोटी नसते. एका पालकाने परदेशी नेलेले मूल परत पाठवण्याबाबतच्या, बालअपहरणविषयक १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे सही केली की मूल कायमचे दुरावेल असे त्यांना वाटते. पण तो वाद ताब्याचा आहे. त्यासाठी मुलाचा कायदेशीर दर्जा वेठीस धरणे गैर आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने ओसीआयसाठीही अशा घोषणापत्राची सोय करावी आणि दुसऱ्या पालकाला नोटीस देऊन हरकतीसाठी ठरावीक मुदत द्यावी. तोवर आयांनी ताब्याच्या अर्जातच, एकट्या पालकाच्या सहीने ही कागदपत्रे काढण्याची अंतरिम परवानगी आवर्जून मागावी.

— एक वकील, पुणे