बंड्याला, तीन प्रिंटांसोबत

वाई,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

फोटो पाठवला की दोन सेकंदांत तुझं 'लय भारी' येतं. फोटो उघडायलाच त्याहून जास्त वेळ लागत असेल! तुझ्या या लय भारीच्या जिवावर मी दोन महिने स्वतःला फोटोग्राफर समजत होतो. मागच्या आठवड्यात ते भूत उतरलं, म्हणून हे पत्र.

सेकंडहँड कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळणारी साधी १८-५५ची झूम लेन्स घेऊन पहिल्याच रविवारी मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट आणि तिथली ती पोर्तुगीज घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिकडून आलेली. शाळेच्या सहलीत ती वाजवून तू मार खाल्ला होतास, तीच. १४० फोटो काढले. त्यातल्या बारांचे प्रिंट मारून आळीतल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. वाटलं, काका चाट पडणार.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रिंट नाकाशी धरला आणि म्हणाले, "कृष्णा कुठं सांडली रे?" पाहतो तर नदीची कड डावीकडून उजवीकडे चांगली बोटभर उतरलेली. रोज मोबाइलवर बघत होतो, पण एकदाही दिसलं नव्हतं.

मग घंटा. मागचं आभाळ झकास निळं, आणि घंटा म्हणजे काळाकुट्ट गोळा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, तिचा पत्ताच नाही. "तुला घंटा हवी की आभाळ, हे कॅमेऱ्याला काय ठाऊक? तो सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. घंटेवर उजेडाचं माप घे, आभाळ जळू दे."

तिसऱ्यात धुणं धुणाऱ्या मावशी पुसट आल्या होत्या. मी म्हटलं, त्याच हलल्या. काकांनी कॅमेरा घेऊन आकडे काढले. लेन्स ५५वर, म्हणजे पूर्ण झूम, आणि शटर १/१५ सेकंद. "हात त्यांचा हलला, खरंय. पण पायरी पण हललीये. पायरी धुणं धूत होती का?" ५५वर हातात कॅमेरा धरायचा तर निदान १/८० ठेव, म्हणाले. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायची लाज वाटू देऊ नको, हेही.

इथवर मी हसत होतो. मग त्यांनी कार्डावरचे १४०च्या १४० फोटो पाहिले. एक शब्द नाही. चहा निवला. शेवटी एवढंच म्हणाले, "तू एकदाही खाली बसला नाहीस."

खरं होतं रे. सगळे फोटो वरच्या पायरीवरून, माझ्या उभ्या उंचीवरून. बायकांचे अंबाडे आणि पाठी. चेहरा एकही नाही. धिटाई नव्हती, म्हणून लांब उभा राहिलो होतो, आणि ते त्यांना फोटोत दिसलं. रात्री झोप नाही आली नीट.

आज पहाटे परत गेलो. त्याच मावशींना विचारून शेवटच्या पायरीवर बसलो. शेवाळ, पँटची वाट लागली. शटर १/२५०. दहा-बारा फोटो झाल्यावर त्या म्हणाल्या, "दाखव बघू." हात पदराला पुसून स्क्रीनवर वाकल्या. "तोंड बरं आलंय. पण माझ्या डोक्यातनं खांब उगवलाय की!" पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब. वीतभर सरकलो असतो तर सुटला असता. सरकलो, आणि सुटलाच.

दुपारी काकांना नवी घंटा दाखवली. आभाळ पांढरंफटक, पण मेरीच्या पदराची चुणीही दिसतेय. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हं. आता घंटा आली. कोपऱ्यातली चप्पल कुणाची?"

माझीच.

सोबत तीन प्रिंट पाठवतोय, चप्पल तशीच ठेवून. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काय खटकलं ते लिही आणि परत पाठव. लय भारी लिहिलंस, तर पोस्टाचा खर्च तुझ्याकडून वसूल करीन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पम्या